किल्ल्याचें गणित

गेल्या दिवाळीच्या सुटींत बहिणीकडे मुक्कामास होतों, तेव्हां माझ्या भाच्यानें एकाच वेळीं दोन किल्ले बांधावयास घेतले होते. एक अंगणांतला, मातीचा. त्यावर अळीव पेरून मावळे मांडण्याची हौस आमच्या पिढीपासून चालत आलेली आहे. दुसरा किल्ला संगणकाच्या पडद्यावरचा. ‘स्ट्राँगहोल्ड’ नांवाचा हा खेळ फायरफ्लाय स्टुडिओज या इंग्रज मंडळीनें २००१ सालीं काढला. मध्ययुगांतील एखाद्या सरदारानें ओसाड जागीं गढी घालावी, भोंवतीं रयत वसवावी, गहू पिकवावा, दगड काढावा आणि शत्रु येऊन ठेपण्यापूर्वीं तट उभा करावा, असें त्याचें स्वरूप. मी शेजारीं खुर्ची ओढून बसलों. खाणीपाशीं दगडांची रास पडली होती, पण तट कांहीं वर येईना. “अरे, आणखी एक खाण घाल,” असें मीं वडिलकीनें सुचविलें. पडद्यावरची नजर न काढतां तो म्हणाला, “मामा, खाण पुरेशी आहे. बैल कमी आहेत.”

वडिलकी तेथेंच संपली. नंतर त्यानें मला सर्व समजावून दिलें. या खेळांत खाणकरी दगड फोडून रचून ठेवतो. तो दगड साठ्याच्या जागीं आणावयाचा तो बैलानें. बैल पुरेसे नसले तर खाणकऱ्यानें कितीही घाम गाळला तरी तो फुकट जातो. पावाचेंही तसेंच. शेतांतला गहू साठ्यावर यावयाचा, साठ्यावरून गिरणींत जावयाचा, पीठ होऊन पुन्हां साठ्यावर यावयाचें, तेथून भटाऱ्यानें तें आपल्या भट्टीवर न्यावयाचें, आणि भाजलेला पाव अखेर अंबरखान्यांत पोंचवावयाचा. या प्रत्येक फेरींत माणूस खरोखरच पडद्यावरून चालतो. म्हणून भट्टी अंबरखान्यापासून लांब पडली कीं भटारी दिवसाचा बराच भाग वाटेंतच घालवितो आणि रयत उपाशी राहते. जाणते खेळाडू तट बांधण्याआधीं पावलें मोजतात; एका गिरणीस किती भट्ट्या, एका खाणीस किती बैल, याचीं कोष्टकें त्यांच्या जिभेवर असतात. बुरुजांची शोभा हा त्यांच्या लेखीं फार पुढचा विषय.

मला मात्र त्या बैलांनीं सातशें वर्षें मागें नेलें. इतिहासाच्या पुस्तकांत किल्ला म्हटला कीं राजाचें नांव येतें, फार तर स्थपतीचें येतें. मग बुरुजांची संख्या, तटाची जाडी, वेढ्यांचीं वर्णनें. भाच्याचा प्रश्न त्यांत क्वचितच विचारलेला असतो. पण एका किल्ल्याच्या बाबतींत तो प्रश्न खुद्द बांधणाऱ्यासच विचारला गेला होता आणि त्यानें दिलेलें लेखी उत्तर सुदैवानें शिल्लक आहे.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची कारकीर्द १२७२ ते १३०७. त्यानें वेल्सवर दोन मोठ्या मोहिमा केल्या. पहिलीच्या वेळीं, १२७७ सालीं, त्यानें फ्लिंट, रिथलन वगैरे किल्ले घातले. दुसरींत, ११ डिसेंबर १२८२ रोजीं, वेल्सचा राजा लिवेलिन अप ग्रिफिथ मारला गेला आणि पुढल्याच वर्षीं कॉनवी, हार्लेक व कर्नारवन अशा तीन किल्ल्यांचीं कामें एकदम सुरू झालीं. तरी देश शांत झाला नाहीं. १२९४ च्या शरदांत मॅडॉग अप लिवेलिन याच्या नेतृत्वाखालीं बंड उसळलें व अर्धवट कर्नारवन बंडवाल्यांच्या हातीं पडलें. तें मोडल्यावर, १२९५ च्या एप्रिलांत, अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावरील एका दलदलीच्या सपाटीवर एडवर्डानें शेवटच्या किल्ल्याचा पाया घातला. त्या जागेच्या नॉर्मन फ्रेंच नांवाचा अर्थ ‘सुंदर दलदल’, तेंच बोमॅरिस. या सर्व कामांवरचा मुख्य माणूस मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज, आल्प्स पर्वताच्या कुशींतील सॅव्हॉय प्रांतांतून आलेला. त्यास रोज तीन शिलिंग मिळत, आणि तेही तहहयात. तो एक वर्ष न् दोन वर्षें नव्हे, १२९० पासून तीन वर्षें, हार्लेकचा किल्लेदारही होता. म्हणजे बांधलेल्या घरांत राहून पाहिलेला हा स्थपति.

२७ फेब्रुवारी १२९६ रोजीं या जेम्सनें आणि वॉल्टर ऑफ विंचेस्टर या हिशेबनिसानें राजाच्या खजिन्याच्या अधिकाऱ्यांस पत्र लिहिलें. मजकूर थोडक्यांत असा: आठवड्यास एवढा पैसा जातो कोठें असें आपणांस वाटेल, म्हणून कळवितों कीं, आम्हांस चारशें पाथरवट व गवंडी लागतात, त्यांच्या हाताखालीं दोन हजार साधे मजूर, दगड व दगडी कोळसा आणण्यास शंभर गाड्या, साठ मोठे गाडे आणि तीस नावा, खाणींत दोनशें माणसें, तीस लोहार, शिवाय तुळया व तक्तपोशी बसविणारे सुतार. शिबंदीचा खर्च यांत नाहीं, मालाच्या खरेदीचा नाहीं. आठवड्यास अडीचशें पौंड हवेत. पत्रांत कामाची प्रगति सांगितली आहे: तट कोठें अठ्ठावीस फूट व अगदीं बुटका तेथें वीस फूट चढला आहे, दरवाजे बसले असून रोज रात्रीं बंद होतात. आणि मग स्वर बदलतो. मजुरांचा पगार फार थकला आहे, त्यांच्याजवळ पोटास कांहीं उरलेलें नाहीं, त्यांना धरून ठेवणें आम्हांस अतिशय कठीण झालें आहे. पत्र संपल्यावर खालीं पुन्हां ताजा कलम जोडला आहे: देवासाठीं पैसे लौकर पाठवा, नाहींतर आजवर केलेलें सर्व व्यर्थ जाईल.

या पत्रांतील आकडे गोळाबेरजेचे आहेत हें उघड आहे. खजिन्यास लिहितांना कोण काटेकोर मोजतो? तरी त्यांच्या शेजारीं हार्लेकचे दहा वर्षांपूर्वींचे आकडे ठेवून पाहावे. १२८६ च्या उन्हाळ्यांत, काम ऐन भरांत असतां, हार्लेक येथें २२७ गवंडी, ११५ खाणकरी, ३० लोहार, २२ सुतार आणि ५४६ मजूर होते. आतां प्रमाण काढा. हार्लेकला दोन गवंड्यांमागें एक खाणकरी. बोमॅरिसला चारशेंस दोनशें, म्हणजे पुन्हां दोहोंस एकच. दहा वर्षें लोटलीं, जागा बदलली, खडक बदलला, पण एक माणूस फोडील तो दगड दोन माणसांस घडवून बसविण्यास पुरतो हें प्रमाण जागचें हललें नाहीं. भाच्याच्या कोष्टकांत शोभेल असाच हा नियम आहे. पण मजुरांकडे वळलें कीं चित्र पालटतें. हार्लेकला एका गवंड्यामागें सुमारें अडीच मजूर, बोमॅरिसला पांच!

हे अधिक अडीच मजूर कशासाठीं? हार्लेक एका उंच कड्यावर बसलेला आहे. त्याचा बराचसा दगड त्याच खडकांतून, किल्ल्याचा खंदक खोदतांनाच निघाला. खाण आणि भिंत यांच्यामध्यें अंतर असें जवळजवळ नव्हतेंच. आपल्याकडील डोंगरी किल्ल्यांवर पाण्याचीं टांकीं खोदतांना निघालेला दगड तटास लावीत, तशांतलाच हा प्रकार. बोमॅरिस दलदलींत. तेथें पायाखालीं दगड नाहीं. किनाऱ्या-किनाऱ्यानें नावा भरून तो आणावयाचा, उतरवावयाचा, गाड्यांत भरावयाचा, पुन्हां उतरवावयाचा. शिवाय भोंवतीं पाण्याचा रुंद खंदक मातींत खणावयाचा, आणि बंड नुकतेंच शमलेलें असल्यानें घाई. या सर्वांचा बोजा पाटी-फावड्यावर पडतो. सगळाच फरक वाहतुकीचा, असें मी म्हणत नाहीं. खंदकाचा वांटा मोठा असावा. परंतु एकशें साठ गाड्या व तीस नावा हे आकडे जेम्सनें गवंड्यांच्या लगोलग लिहिले आहेत, ते उगीच नव्हेत. तट किती वाढेल हें छिन्नी ठरवीत नव्हती. चाक ठरवीत होतें.

लोहारांची संख्या मला विशेष गंमतीची वाटते. हार्लेकला तीस, बोमॅरिसला तीस. एवढे लोहार किल्ल्यास कशाला, असें प्रथम वाटतें. पण दगडावर दिवसभर चालणारी टांकी व पहार बोथटते आणि ती पुन्हां तापवून, शेवटून, पाणी देऊन घ्यावी लागते. लोहाराचा भाता बंद पडला कीं दुसऱ्या दिवशीं खाण बंद. हार्लेकला खाणकरी व गवंडी मिळून अकरा माणसांमागें एक लोहार पडतो, बोमॅरिसला वीस माणसांमागें एक. हार्लेकचा खडक चिवट व जुना, तर बोमॅरिसला चुनखडीच्या दगडाचा बराच भरणा. हत्यार कोठें लौकर मरत असेल हें सांगावयास नको. बोमॅरिसच्या पहिल्या हंगामाच्या जमाखर्चांत लाखाहून अधिक खिळे नोंदले आहेत, त्यांचें लोखंड आलें-गेलें तेंही हिशेबांत धरा.

चुना ही अशीच एक न दिसणारी साखळी. हे जाड तट आंतबाहेर घडीव दगडांचे नसतात. दोन दर्शनी भिंतींमध्यें ओबडधोबड दगड व चुना यांचें भरण असतें. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे शंभर मणांतून छप्पन्न मण चुना हातीं येतो, बाकीचा भाग वायुरूपानें उडून जातो. म्हणजे आणलेल्या ओझ्याचा निम्म्याजवळ भाग आकाशांत जाणार हें धरूनच ओझीं आणावयाचीं. भट्टी पेटती ठेवण्यास इंधन हवें. बोमॅरिसला पहिल्याच हंगामांत चुन्याच्या भट्ट्यांकरितां सुमारें २,४०० टन दगडी कोळसा लागला. जेम्सच्या नावा दगडाबरोबर कोळसा कां वाहत होत्या तें यावरून कळतें. इकडे खाण भरून वाहत असो, गवंडी हात चोळीत उभे असोत. कोळशाची नाव वाऱ्यानें अडली कीं तट अडला.

ज्यानें हें सोसलें आहे तो जागा निवडतांना पाणी पाहणारच. वेल्समधील एडवर्डाचे मुख्य किल्ले समुद्राच्या किंवा भरतीच्या खाडीच्या काठीं आहेत. ज्या काळीं वाईट रस्त्यावरील एका गाडीचें ओझें फार थोडें असे, त्या काळीं एक नाव कित्येक गाड्यांचें काम करी. बोमॅरिसच्या पत्रांतच जेम्स अभिमानानें सांगतो कीं, पुढल्या मोठ्या भरतीस चाळीस टनांचें जहाज भरल्या ओझ्यानिशीं थेट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत येईल. रिथलनला समुद्र दूर होता, तर त्यानें नदीच हलविली! क्लूइड नदीचें वांकडें पात्र सोडून दोन मैलांहून लांब असा सरळ खोल कालवा खणला. त्यासाठीं सरासरी सहासष्ट माणसें तीन वर्षें राबत होतीं. प्रथम वाटतें, केवढी ही उधळपट्टी. पण किल्ला उभा असेपर्यंत त्याच्या पोटांत जावयाचें धान्य, दारू, बाण, लांकूड या एका वाटेनें येणार होतें. बांधण्याची वाट तीच पुढें जगण्याची वाट झाली. हार्लेकचेंच पाहा. तेथील नेमलेली शिबंदी तीस माणसांची, त्यांत दहा धनुर्धारी. शिवाय एक पुरोहित, एक लोहार, एक सुतार, एक पाथरवट. मॅडॉगच्या बंडांत किल्ल्यास जमिनीकडून वेढा पडला, तेव्हां आयर्लंडहून गलबतांनीं रसद आणली आणि कड्याच्या पायथ्यापासून दोनशें फूट चढणाऱ्या जिन्यानें ती वर गेली. मूठभर माणसांनीं किल्ला राखला. आज समुद्र तेथून बराच मागें हटला आहे, आणि तो जिना उगीच खालीं उतरल्यासारखा दिसतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, अठराव्या शतकाच्या आरंभीं, हीच दृष्टि आहे: आधीं पाणी पाहावें, मग किल्ला बांधावा, एका झऱ्यावर विसंबूं नये, दारूचें कोठार राहत्या घरांजवळ नसावें. अमात्यांनीं तटाच्या शोभेवर शाई खर्चिली नाहीं.

येथवर खेळ आणि इतिहास हातांत हात घालून चालतात. मात्र खेळांत गढी ओसाड जागीं घातली जाते. एडवर्डास ओसाड जागा मिळाली नव्हती. बोमॅरिसच्या जवळच लानवाइस नांवाचें वेल्श लोकांचें भरभराटीचें गांव व बंदर होतें. किल्ला आणि त्याच्या आश्रयाचें इंग्रज नगर यांस तें अडचणीचें झालें. तेथील रहिवाशांस उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे, बारा मैलांवर वसविलें. त्या नव्या वसाहतीचें नांव न्यूबरो, तिला १३०३ सालीं सनद मिळाली. ज्यांचा बंदरावर संसार होता त्यांना वाळूच्या टेकड्यांकाठीं नवी चूल मांडावी लागली. नकाशावर हें एका रेघेचें काम आहे.

माणसांचेंही तसेंच. भाच्याच्या गढींत शेकोटीभोंवतीं रिकामे लोक बसलेले असतात. इमारत उभी केली कीं त्यांतला एक मुकाट्यानें उठून तिथें कामास लागतो. शिधा घटविला, कर वाढविला तर लोक कुरकुरतात व अखेर निघून जातात, एवढी न्यायबुद्धि खेळानें ठेवली आहे, आणि ती मला आवडली. एडवर्डाच्या वेळीं निघून जाण्याचीही सोय नव्हती. त्याच्या शेरीफांना हुकूम सुटत आणि परगण्या-परगण्यांतून खणणारे, सुतार, गवंडी गोळा करून पायीं वेल्सकडे हांकले जात. १२७७ सालीं फ्लिंटच्या कामावर लिंकनशायरहून आणलेल्या खणणाऱ्यांच्या तांड्याबरोबर घोडेस्वार दिले होते. वाटेंत चोरांपासून रक्षण करण्यासाठीं नव्हे, माणसें पळून जाऊं नयेत म्हणून. इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाकडून, शत्रूच्या मुलखांत, दलदलींत कुदळ मारावयास आलेला हा माणूस आठवड्याच्या रोजमुऱ्यावर जगे. तो रोजमुरा थकला म्हणजे काय होतें, तें जेम्सनें लिहून ठेवलें आहे.

पैसा थकला तो कां? पहिल्या दोन मोहिमांच्या व किल्ल्यांच्या वेळीं एडवर्डाच्या पाठीशीं इटलींतील लुक्का शहरची रिकार्डी ही सावकार पेढी होती. राजाची जकात गहाण, आणि पेढीची रोकड राजाच्या हातीं, असा तो व्यवहार. पण १२९४ सालीं फ्रान्सच्या राजाशीं गॅस्कनीवरून युद्ध जुंपलें, एडवर्डानें मागितलेली रक्कम पेढीस उभी करतां येईना, आणि तो संबंध तुटून पेढी कोसळली. म्हणजे ज्या वर्षीं मॅडॉगनें बंड केलें त्याच वर्षीं राजाचें चांदीचें कोठार रिकामें झालें. आणि बोमॅरिस, सर्वांत आखीव-रेखीव किल्ला, नेमका त्यानंतर सुरू झाला. पहिल्याच सहा महिन्यांत सहा हजार पौंडांहून अधिक खर्च झाला. मग १२९६ च्या वसंतांत एडवर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. जेम्सचें पत्र खजिन्यांत पोंचलें त्या सुमारास पैसा उत्तरेकडे वळला होता. बांधकामाचा हंगाम तोंडाशीं आलेला. हिवाळ्यांत चुना गोठूं नये म्हणून चढत्या भिंतींचे माथे गवतानें शाकारून ठेवावयाचे, ते आतां उघडावयाचे. आणि आठवड्याचे अडीचशें पौंड येत नाहींत. खाण होती, नावा होत्या, आणि माझ्या भाच्यास हव्या होत्या तितक्या गाड्याही होत्या.

काम रखडत चाललें. १३०० च्या सुमारास तें बंद पडलें, १३०६ मध्यें पुन्हां थोडें सुरू झालें, आणि १३३० च्या सुमारास कायमचें थांबलें. एकंदर खर्च चौदा हजार पौंडांच्या वर गेला. आंतल्या तटाचे बुरूज ठरल्या उंचीस कधींच पोंचले नाहींत. उत्तर दरवाजाच्या इमारतीचा वरचा मजला अपुराच आहे. एकांत एक अशा दोन समांतर तटांचा, चहूंबाजूंनीं सारखा बसणारा हा आराखडा मध्ययुगीन दुर्गरचनेंतील अगदीं निर्दोष आराखडा म्हणून वाखाणला जातो, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादींतही आहे. पण तो वाखाणणी करणाऱ्यांना खुजा, बसका दिसतो, आणि प्रत्यक्षांत तो अर्धा राहिला म्हणूनच खुजा आहे.

मास्टर जेम्सला पुढें राजानें स्कॉटलंडांत बोलाविलें. १३०२ सालीं तो लिनलिथगो येथें राजाची गढी बांधीत होता. तेथें दरवाजा व बुरूज दगडी करावयाचे असें आधीं ठरलें होतें. मग राजानें बेत बदलला व तेच लांकडाचे करावयास सांगितलें. त्यास खर्च कमी आणि वेळही कमी. बोमॅरिसला अठ्ठावीस फुटांपर्यंत दगड चढविणारा हा म्हातारा स्थपति तेथें ओंडके उभे रोवून घेत होता.